काचेवर गम राहतो, शहाबादीवर तुकडे उडतात: सँडब्लास्टिंगच्या स्टेन्सिलला गम किती कडक असावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात नेमप्लेटचं काम नव्याने सुरू केलंय, स्टेन्सिल (चिकट फिल्मचा कापलेला साचा) कापायचं मशीन, म्हणजे कटिंग प्लॉटर आहे, आणि काच, ग्रॅनाइट, शहाबादी तिन्ही फिल्मच्या एकाच रोलवर करताय. काचेवरून स्टेन्सिल काढली की गम राहतो, शहाबादीवर ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने दाणा मारून कोरणं) चालू असतानाच स्टेन्सिलचे बारीक तुकडे उडतात. मग रोल जास्त गमचा, म्हणजे कडक चिकटणारा, घ्यावा की कमी?

एका रोलवर तिन्ही कामं होत नाहीत. मीही इथे याच धंद्यात आहे आणि माझ्याकडे तीन प्रकार कायम ठेवलेले असतात. गम निवडताना बहुतेक जण कंप्रेसरच्या प्रेशरकडे बघतात. खरं तर आधी दगडाचा किंवा काचेचा पृष्ठभाग बघायचा आणि मग आपल्या डिझाइनमधला सगळ्यात बारीक तुकडा. या दोघांना धरून ठेवेल एवढाच गम घ्यायचा, त्याहून कडक नको.

आधी शहाबादीचं बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. पॉलिश न केलेल्या शहाबादीवर हात फिरवा, खडबडीतपणा लगेच जाणवतो. पातळ व्हिनाइल (आपल्याकडे सगळे ज्याला रेडियम म्हणतात तेच) अशा फरशीवर फक्त उंचवट्यांना चिकटतं, खळग्यांवर नुसतं ताणून बसतं. गम कितीही कडक असला तरी निम्म्या जागेला तो लागलेलाच नसतो. हवा आणि दाणा त्या फटीतून आत शिरला की कोपरा उचलला जातो. इथे कडकपणापेक्षा गमचा थर जाड आणि मऊ असावा लागतो, म्हणजे तो खळग्यात उतरतो. त्यासाठी जाड रबर स्टेन्सिल घ्या, साधारण १ मिलिमीटरची, जास्त गमची. दगडासाठी वेगळा द्रव प्रायमर मिळतो. तो ब्रशने लावायचा, बोटाला चिकट लागेल इतपत वाळू द्यायचा आणि मग रबर बसवून रोलरने दाबायचं. हात मात्र पातळ मारा. थर जाड झाला तर कोरायच्या जागीसुद्धा दाणा उसळून मागे येतो आणि अक्षर लवकर खोल जात नाही.

त्याआधी फरशी तारेच्या ब्रशने घासून, धुऊन पूर्ण वाळलेली हवी. वरून कोरडी दिसते तेव्हा आतून ओलच असते, म्हणून धुतल्या दिवशीच स्टेन्सिल लावू नका.

पॉलिश ग्रॅनाइटला मध्यम गम पुरतो. तिथे स्टेन्सिल सुटली तर नव्वद टक्के दोष मेणाचा समजा. चकाकी यावी म्हणून विक्रेते वरून मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश मारतात. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब गोल मण्यासारखा उभा राहिला तर काहीतरी लावलेलं आहे. थिनरने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा फडकं बदला, नाहीतर तेच मेण पुन्हा पसरतं. कडप्प्याला तर बऱ्याचदा तेल चोपडलेलं असतं, तिथे हे आधीच करा.

काचेचं गणित उलटं आहे. काच इतकी गुळगुळीत असते की कमी गमसुद्धा सगळीकडे लागतो, आणि नुसतं धुरकट करायचं असेल तर २ ते २.५ किलो प्रेशर बास होतं (१ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय). ओराकल या ब्रँडचा ६५१ हा पर्मनंट गमचा रोल आहे, ६३१ काढता येणाऱ्या गमचा. उथळ कामाला ६३१ सारखा चालतो. खोल कोरायचं असेल तर ब्लास्टिंगसाठीचीच जाड फिल्म लागते, कारण तिथे व्हिनाइल झिजून भोक पडतं. हे भोक पडणं आणि कड उचलणं वेगवेगळं ओळखायला शिका. भोक पडलं तर जाडी कमी पडली. अक्षराची कड धुरकट, पसरट आली तर गम सुटला. भोक पडल्यावर जास्त गमचा रोल आणून काही उपयोग नाही.

आता बारीक तुकड्यांचं. अक्षर खोल कोरताना व, ब, ध यांच्या पोटातली जागा म्हणजे स्टेन्सिलचं सुटं बेट असतं. ‘सिद्धेश्वर कृपा’ अशी पाटी घ्या. त्यातल्या द्धच्या पोटात इवलासा तुकडा राहतो आणि पहिला तोच उडतो. उठावाच्या अक्षरांत ‘आनंद’वरच्या अनुस्वाराची तीच गत. टिंबाचा व्यास निम्मा केला की गमची जागा चौथाई होते, पण दाण्याचा मार खाणारी कड फक्त निम्मी होते. म्हणून मोठ्या तुकड्याला पुरणारा गम टिंबाला पुरत नाही. त्यासाठी सगळा रोल बदलू नका. फॉन्ट जाड घ्या, टिंब मोठं करा, आणि गन पृष्ठभागाला काटकोनात धरून हलती ठेवा. एकाच जागी थांबलात तर फिल्म तापते आणि गम ढिला पडतो.

ट्रान्सफर टेपही (कापलेली स्टेन्सिल उचलून पृष्ठभागावर बसवायची टेप) बघा. तिचा गम स्टेन्सिलपेक्षा कडक असेल तर टेप ओढताना अक्षरांच्या पोटातले तुकडे सोबत निघून येतात आणि आपण स्टेन्सिलला शिव्या घालतो. टेप उभी न ओढता मागे दुमडून, पृष्ठभागालगत ओढा.

आपल्या गावाचं हवामान यात बरंच ढवळाढवळ करतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात वर पत्रा. कमी गमवाली फिल्मसुद्धा अशा शेडमधल्या काचेवर रात्रभर राहिली तर सकाळी पर्मनंट असल्यासारखी वागते. लावल्यानंतर गमची पकड काही तास, कधी दिवसभर वाढतच असते, आणि उष्णतेने ते लवकर होतं. म्हणून काचेचं काम लावा, ब्लास्ट करा, त्याच दिवशी काढा. दगडाला हीच गोष्ट फायद्याची: संध्याकाळी लावून सकाळी ब्लास्ट करा. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र सकाळी दगड गार असतो आणि चांगला गमसुद्धा पकडत नाही. दगड थोडा वेळ उन्हात ठेवा, कोमट झाला की लावा. चटका बसेल इतका तापवू नका. रोल थंड जागी, उभे ठेवा.

तुम्ही कोणता दाणा वापरता ते लिहिलेलं नाही. सीना नदीची वाळू चाळून वापरत असाल तर आजच थांबवा. सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने वाळूचं ब्लास्टिंग १९५० मध्येच बंद केलं. ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्या, महाग असला तरी गोळा करून पुन्हा वापरता येतो. धुळीचा मास्क त्यालाही लागतोच. शिवाय शेडमध्ये उडालेली बारीक धूळ पुढच्या पाटीवर बसते आणि तिथलाही गम धरत नाही.

आत्ता काचेवर राहिलेला गम हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, फिल्मच्याच तुकड्याने टिपत उचला, उरलेला निलगिरीच्या तेलाने निघेल. शहाबादीवर मात्र तेल किंवा रॉकेल लावू नका, डाग आत मुरतो. तिथे थिनरचं फडकं चालवा, तेही आधी फरशीच्या मागच्या बाजूला बघून.