विचारा की! – डोंगल, डबे आणि दोनच अ‍ॅपं

प्रश्न : ताई, बेळगावच्या शहापुरात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांची पावती पुस्तकं. सगळं काम पानं मांडायच्या जुन्या पेजमेकरमध्ये, डोंगलवर (कॉम्प्युटरला खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणाऱ्या मराठी फॉन्टात केलेलं. जुना कॉम्प्युटर बसला. नव्याला डोंगल ओळखू येत नाही. फॉन्टवाली कंपनी म्हणते, जुनी आवृत्ती आम्ही बंद केली, नवी विकत घ्या. जुन्या फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. वीस वर्षांचं काम आहे हो. नवी आवृत्ती घेऊ का?
– छापखानेवाला, शहापूर

उत्तर : थांबा दादा, खिशात हात घालू नका. आधी त्या फाइलीच्या पोटात काय आहे ते बघू.

जुन्या फॉन्टात तुम्ही मराठी टाइप करत नव्हता. टाइप होत होतं इंग्रजी, फक्त त्या इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे चढवलेले होते. क्रुतिदेव या जुन्या फॉन्टात ‘मराठी’ लिहिलेली फाइल असेल, तर आत ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं पडलेली असतात. फॉन्ट आहे तोवर ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट गेला की खरं रूप बाहेर. आणि प्रत्येक कंपनीनं चेहरे आपापल्या मर्जीनं चढवले. त्यामुळे एकाच्या फॉन्टातली पत्रिका दुसऱ्याच्या फॉन्टात उघडली की नवरदेवाच्या नावाची दशा बघवत नाही.

सुरुवातीला यात कुणाचा दोष नव्हता. विंडोजला देवनागरीची जोडाक्षरं कळतच नव्हती, मग त्या काळात दुसरं काय करणार? पुण्यामुंबईच्या मंडळींनी डोकं चालवून वाट काढली आणि त्या वाटेवर आपले सगळे छापखाने उभे राहिले, हे मान्य करायलाच हवं. पण युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये, आणि विंडोज २००० व एक्सपीपासून घरच्या कॉम्प्युटरलाही देवनागरी नीट समजायला लागली. त्यानंतर अडचण संपली, डोंगल मात्र राहिला. त्यापुढची वर्षं म्हणजे सरळ सरळ गिऱ्हाईक बांधून ठेवणं. मजकूर तुमचा, मेहनत तुमची, आणि तो वाचायची परवानगी कंपनीची! कन्नडवाले यातून सुटले म्हणाल, तर तेही नाही. नुडी आणि बरहा या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरांतल्या जुन्या फाइली घेऊन बसलेले ऑपरेटर आपल्या बेळगावातच भेटतील.

आता करायचं काय. बसलेल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि नव्याला जोडा. सगळ्या फाइलींची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा. मग मजकूर कॉपी करून जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा. बऱ्याच फॉन्टांसाठी असे कन्व्हर्टर फुकट मिळतात. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर असलेला मजकूर मात्र कुठल्याही अनोळखी ठिकाणी चिकटवू नका.

बाहेर आलेला मजकूर डोळे मिटून छापलात तर मार खाल. कन्व्हर्टर तीन ठिकाणी हमखास अडखळतो. पहिली ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून ‘चि. सौ. कां.’ मधला ‘चि’ उलटा होतो आणि वेलांटी एकटीच पुढे लोंबकळत राहते. दुसरा रफार. ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’ झालेला तुम्ही छापील पत्रिकांतही पाहिला असेल, तो इथलाच. तिसरा ‘ऱ्ह’मधला तो अर्धा र : ‘वऱ्हाडी मंडळीं’वरची नजर हलवू नका. गावांची आणि माणसांची नावं वाचायला दुसरा माणूस बसवा. आपलं आपल्याला दिसत नाही.

आणि वीस वर्षांचं सगळं बदलत बसू नका. पावती पुस्तकं, मंडळांच्या नियमावल्या, दरवर्षी येणारी उत्सवाची पत्रकं, एवढंच करा. २००९ सालच्या लग्नाची पत्रिका मागायला कोण येणार आहे? तेच जोडपं पुन्हा आलं, तर मजकूर नक्कीच वेगळा असेल.

पेजमेकरचं म्हणाल, तर त्याची सातवी आवृत्ती ही शेवटची, २००१ सालची. ते विकणाऱ्या अडोबी कंपनीनं नंतर त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि २०१३ पासून त्यांची बहुतेक नवी सॉफ्टवेअरं विकत मिळत नाहीत, भाड्यानं मिळतात. भाडं थकलं की काम बंद. तुमच्या कामाला स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर वापरून बघा. १.६ आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट जोडतं, पैसे लागत नाहीत. हात बसायला वेळ लागतो, पहिल्या आठवड्यात मला शिव्या घालाल. फॉन्ट हवेत तर मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले मुक्ता आणि बलू घ्या, खुल्या परवान्याचे आहेत. बलूचाच कन्नड भाऊ ‘बलू तम्मा’. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा नियम आल्यापासून तुमच्याकडे पाट्यांची कामं येतच असतील. दोन्ही लिपी एकाच वळणाच्या दिसल्या तर गिऱ्हाईक खूश होतं.

प्रश्न : प्रिंटरमध्ये बाहेरची शाई भरली की ‘काडतूस ओरिजिनल नाही’ म्हणून अडून बसतो. कालपर्यंत चालत होतं.
– झेरॉक्स सेंटर, हिंदलगा

उत्तर : काडतुसावर चिप असते. रात्री प्रिंटरनं स्वतःच अपडेट घेतला असणार, त्यात बाहेरच्या चिपा नाकारायचा हुकूम आला. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईत वसूल करायचं, हा धंदाच तसा आहे. अपडेट आपोआप घ्यायचं बंद करा. पुढचा प्रिंटर टाकीवाला घ्या, ज्यात बाटलीतून शाई ओतता येते.

प्रश्न : टिळकवाडीत किराणा दुकान आहे. काउंटरवर दोन कंपन्यांचे, यूपीआयचे पैसे आले की बोलणारे डबे. दोन्हींचं महिन्याला भाडं कापतात. एकाचा माणूस येऊन म्हणतो, दुसऱ्याचा डबा काढा, नाहीतर गिऱ्हाईक घोटाळतं. शिवाय जीएसटीच्या नोटिशीची धास्ती. अ‍ॅप बदललं तर सुटका होईल का?
– किराणा दुकानदार

उत्तर : दोन्ही डबे कशाला पोसताय? यूपीआयचा कोड कुठल्याही कंपनीचा असो, गिऱ्हाईक हवं त्या अ‍ॅपनं स्कॅन करू शकतं. फोनपेवाल्याला गूगल पेच्या कोडवर पैसे देता येतात आणि उलटही. एकच ठेवा. तुमचं खातं आहे त्या बँकेकडे कोड मागा, बहुतेक बँका देतात. गर्दीच्या वेळी पैसे आले की नाही हे कानावर पडलंच पाहिजे, एवढ्यासाठी एक डबा पुरे.

नोटिशीचं मात्र वेगळं आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळूरच्या दुकानांवर ‘फक्त रोख’चे कागद चिकटले होते. अ‍ॅप बदलून काही होत नाही, पैसे शेवटी तुमच्याच खात्यात येतात. मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, सेवेला २० लाखांची. घरातल्यांनी पाठवलेले पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात मिसळत असतील, तर ते आधी वेगळे करा. पुढचं तुमच्या सीएला विचारा. त्या बाबतीत मी शहाणपण शिकवत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. यूपीआय उभं केलं ते बँकांच्या सामायिक संस्थेनं, एनपीसीआयनं, २०१६ मध्ये. म्हणूनच कुठलाही कोड कुठल्याही अ‍ॅपला चालतो. त्यावर दुकान थाटलं ते मात्र दोघांनी. पाचातले चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे मिळून करतात. एकामागे वॉलमार्ट, दुसऱ्यामागे गूगल. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असा नियम एनपीसीआयनंच २०२० मध्ये काढला. मुदत आधी २०२२ अखेर, मग २०२४ अखेर, आता ३१ डिसेंबर २०२६. आमच्याकडे गटारीचं काम जसं पुढच्या बजेटात जातं, तसा हा नियम चाललाय. त्यांना सांगायचं तरी काय म्हणा! ‘उद्यापासून गिऱ्हाईक घेऊ नका’ असं सांगितलं तर त्रास तुम्हाआम्हालाच. हात पसरायच्या आधी धरायचा असतो.

प्रश्न : अक्का, आमच्या बचत गटातली एक शिकलेली मुलगी म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅप परदेशी, सगळ्या अरट्टाई या देशी अ‍ॅपवर या. अर्ध्या गेल्या, अर्ध्या तिथंच. आता हप्त्याचा निरोप दोनदा टाकावा लागतो. काय करू?
– बचत गटाची अध्यक्ष, निपाणी

उत्तर : अध्यक्षबाई, हप्त्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच टाका. बैठकीला बायका जमणं महत्त्वाचं, अ‍ॅप कुठलं ते नंतर.

मुलीचं म्हणणं खोटं नाही. फेसबुकनं २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सअ‍ॅप घेतलं, ते धर्मादायासाठी नव्हे. २०२१ मध्ये ‘नवी अट मान्य करा नाहीतर वापरता येणार नाही’ असं त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर टाकलं होतं, आठवत असेल. आपण सगळ्यांनी न वाचता मान्य केलं. त्याच अटीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं २०२४ च्या नोव्हेंबरात मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला.

पण अरट्टाई तमिळनाडूतल्या झोहोनं केलं म्हणून दुखणं संपलं, असं मला वाटत नाही. उद्या देश तिकडे गेला, तर मालक बदलेल, अडकणं तेच राहील. माझं सगळ्याच अ‍ॅपांशी एकच भांडण आहे : मला जायचं असेल तर माझं सामान घेऊन जाता येतं का? मोबाइल नंबरचं बघा. पूर्वी कंपनी सोडली की नंबर जायचा, म्हणून लोक मुकाट्यानं महाग बिल भरायचे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर सोबत नेता यायला लागला. कंपन्यांना हौस नव्हती, ट्रायनं, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, लावलं म्हणून झालं. दुसऱ्या अ‍ॅपनं मागितलं तर त्याच्यावरून टाकलेला निरोप व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मोठ्या अ‍ॅपवर दिसला पाहिजे, अशी सक्ती युरोपानं आपल्या कायद्यात घातली आहे. आपल्याकडे तशी झाली की तुमच्या गटातल्या त्या मुलीनं हवं ते अ‍ॅप वापरावं, आणि निपाणीतल्या म्हाताऱ्या मावशीनं तिचं.

तोवर एक काम करा. हप्त्यांचा हिशेब चॅटमध्ये ठेवू नका. वहीत लिहा, हवं तर वहीच्या पानाचा फोटो टाका. चॅट गेलं तर कर्ज कुणाचं किती, यावरून गट फुटतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. २०१६ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर उत्तम चालतो. दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, अकरा यात बसत नाही, भंगारात द्या. मला फक्त लेख लिहायचे असतात, ई-मेल आणि थोडं यूट्यूब.
– खानापूर

उत्तर : सर, भंगारात देऊ नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण कॉम्प्युटर त्या दिवशी मेला नाही. सुरक्षेचे अपडेट थांबले, एवढंच. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवायला तयार असाल, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे अपडेट फुकट मिळतात. म्हणजे पैशांऐवजी तुमची ओळख द्यायची.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचा सहाव्या-सातव्या पिढीतला असणार. त्याची ताकद तुमच्या लेखांना उरून पुरते, कंपनीनंच रेघ ओढली आहे. सुरक्षेचं कारण देतात, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण त्या रेघेमुळे नवे कॉम्प्युटर किती विकले जाणार, हे त्यांना कळत नव्हतं असं मी मानत नाही.

दुकानदाराला सांगा, हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घाला आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वर्डच्या जागी लिबरऑफिस येतं, तुमच्या जुन्या वर्ड फाइली त्यात उघडतात, आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळपाटानं (कीबोर्डानं) मराठी टाइप होतं. ‘आम्हाला ते येत नाही’ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. टाकून घ्यायच्या आधी लेखांची प्रत पेनड्राइव्हवर काढा, कारण आतलं सगळं पुसलं जातं. घरात कुणी हिशेबाचं टॅली वापरत असेल किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागत असेल, तर मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नका, डोक्याला ताप होईल.

प्रश्न : शिनोळीला राहतो, म्हणजे महाराष्ट्रात. नंबर कर्नाटकाचा, काम उद्यमबागेत. घरी रेंज मिळत नाही. कंपनी बदलली तर नंबर राहील का? राज्य वेगळं आहे.
– कामगार, शिनोळी

उत्तर : राहील. ३ जुलै २०१५ पासून राज्य ओलांडूनही नंबर नेता येतो. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहा, एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० वर पाठवा. कोड येईल, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जा. सिम घेऊन ९० दिवस झालेले हवेत, बिल थकलेलं नको. त्याआधी शेजाऱ्याचा मोबाइल मागून घरात, माडीवर, परड्यात त्या कंपनीची रेंज बघून घ्या. सीमेवर भिंतीगणिक टॉवर बदलतो. आणि प्रीपेडचा उरलेला बॅलन्स सोबत येत नाही, तो आधी बोलून संपवा.