जहाजावरचं नाणं घेण्याआधी

ठाणे (पूर्व)

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

बुडालेल्या जहाजांतली चांदीची नाणी जमवायची आहेत ना? मग सुरुवात स्पॅनिश नाण्यांनी करू नकोस, ‘जॉन बॅरी’च्या सौदी रियालने कर. हे अमेरिकन मालवाहू जहाज ऑगस्ट 1944 मध्ये जर्मन पाणबुडीने ओमानजवळ बुडवलं. फिलाडेल्फियाला पाडलेले तीस लाख रियाल त्यावर होते. 1994 मध्ये त्यांतले दहा लाखांहून जास्त वर काढले, त्यामुळे भाव अजून आवाक्यात आहे. नाण्यावर साल हिजरी 1354, वजन साधारण 11.6 ग्रॅम. मात्र त्याच सालाचे, समुद्रात कधीच न पडलेले रियालही बाजारात हवे तेवढे मिळतात. नुसतं बघून फरक कळेलच असं नाही. जास्तीचे पैसे तू मोजतोस ते कागदाचे, म्हणजे नाणं त्या जहाजातलंच असल्याच्या प्रमाणपत्राचे.

औरंगजेबाच्या सुरती रुपयाचंही तसंच. श्रीलंकेच्या दक्षिणेला ग्रेट बॅसेस खडकांपाशी 1961 मध्ये हिजरी 1113 चे रुपये सापडले, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते. सुरतेचा साधा रुपयाही मिळतोच, म्हणून कागदाशिवाय ‘समुद्रातला’ म्हणून जादा भाव देऊ नकोस. मुंबईहून निघालेल्या ‘सिटी ऑफ कैरो’चं नाव सांगून कोणी राणीछाप रुपया पुढे केला, तर आणखी सावध राहा. 1942 मध्ये बुडालेल्या त्या जहाजातले वर काढलेले रुपये बहुतेक वितळवूनच विकले गेले.

कागदावर जहाजाचं नाव, नाण्याचा स्वतंत्र क्रमांक, वजन आणि फोटो हवा. कागद खरा आणि नाणं दुसरंच, असंही होतं. म्हणून 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा जवळ ठेव आणि विकणाऱ्यासमोरच वजन कर. 1622 मध्ये बुडालेल्या ‘आटोचा’ या स्पॅनिश जहाजाच्या नाण्यांना 1 (उत्तम) ते 4 (सर्वांत झिजलेली) अशी प्रत दिलेली असते. आठ रियालचं (हा स्पॅनिश रियाल, सौदी नव्हे) नाणं मुळात सुमारे 27 ग्रॅमचं, पण चौथ्या प्रतीचं खूपच हलकं भरू शकतं. ही नाणी हाताने कातरून वजनाला बसवलेली, त्यामुळे दोन नाण्यांची कड हुबेहूब जुळली तर ती साच्यात ओतलेली समज.

चांदी खरी आहे का हे बघायला घनता काढ. वाटीभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण आणि नाणं नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धर. तळाला टेकू देऊ नकोस, बुडबुडे झटकून टाक. नाण्याच्या वजनाला आता काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने भाग. 27 ग्रॅमच्या चांगल्या नाण्याला 2.6 च्या आसपास आकडा येतो, म्हणजे घनता साधारण 10.3. पितळेवर मुलामा असेल तर साडेआठच्या आसपास घुटमळेल. पण समुद्राने खाल्लेल्या चांदीत क्लोराइड आणि सल्फाइड असतं, ती दोन्ही चांदीहून हलकी. म्हणून खरं नाणंही थोडं कमी दाखवतं. एवढ्यावरून ते खोटं ठरवू नकोस.

साफसफाईच्या फंदात पडू नकोस. पितांबरी ठाण्याचीच, पण ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. चिंच, राख, सोडा, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सराफाकडचं उजळवणं, सगळं वर्ज्य. वरचा काळा थर निघाला की त्याबरोबर अक्षरंही जातात, कारण कित्येकदा ती त्या थरातच उरलेली असतात. अपवाद एकच, कडेला पांढरी पूड येत असेल तर आत मीठ आहे. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी काचेच्या बरणीत घे, त्यात नाणं बुडवून ठेव आणि दर आठवड्याला पाणी बदल. बदलण्याआधी पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लाव. आकडा ताज्या पाण्याइतकाच राहू लागला की थांब. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

तुझं घर ऐरोलीला, खाडीला लागून. खाडीच्या गाळातून येणाऱ्या वायूने चांदी काळवंडते, आणि पावसाळ्यात दमटपणा कपाटातही शिरतो. पीव्हीसीचे मऊ पाऊच घेऊ नकोस, त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. मायलरचे (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचे) घे. रबरबँड आणि प्लायवूडचा खणही टाळ. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेव, केशरी मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये वाळव.

आणि प्रमाणपत्रासाठी नाणं परदेशी पाठवायचा विचार असेल तर ऐक. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. सुरती रुपया त्यात आला, ‘जॉन बॅरी’चा रियाल नाही.

तुझा,
काका