सतनाम सिंगचं उदाहरण देताय, तर पूर्ण द्या

"मुलगा १६ वर्षांचा, उंची ६ फूट ५ इंच, दहावीला ७८ टक्के. सायन्स घ्यायचं म्हणतो, ते खूळ मी काढतो. शेतकऱ्याचा सतनाम सिंग अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, एनबीएत गेला तर आमचा का नाही? अकरावी-बारावी बाहेरून करून दिवसभर ग्राउंडवर ठेवू का? ताकदीसाठी जिममधली पावडर चालू केलीय."
– एक पालक, इचलकरंजी

दादा, एवढ्या पत्रात पोराचं मत एकाच ठिकाणी आलंय आणि त्याला तुम्ही खूळ म्हणताय. माझ्याकडे एरवी उलटी पत्रं येतात, पोराला खेळायचं असतं आणि बाप म्हणतो आधी जेईई, पण दबाव तो दबावच, पुस्तकाचा असो नाहीतर बॉलचा. सकाळी प्रॅक्टिसला तो आपणहून उठतो की तुम्ही उठवता? प्रॅक्टिस नसेल त्या दिवशी बॉल हातात घेतो का? मला हेच कळायला हवं होतं, तुम्ही फक्त उंची कळवलीत.

आता सतनाम. पंजाबात बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा, वडील बलबीर सिंग स्वतः सात फुटांच्या वर, पण घरच्या शेतीपायी त्यांचं खेळणं राहून गेलं, म्हणून पोराला लुधियानाच्या अकॅडमीत घातलं. बघा, बापानेच केलं की, असं तुम्ही म्हणाल. केलं, पण शाळा नाही सोडवली. २०१० मध्ये १४ व्या वर्षी तो स्कॉलरशिपवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत गेला ती बोर्डिंग स्कूलच आहे, इंग्रजी धड येत नसताना तिथे वर्ग आणि कोर्ट दोन्ही केलं त्याने. अमेरिकन कॉलेजकडून खेळायचं तरी शाळेचे मार्क तपासतात, त्यामुळे तुमचा बाहेरून-बारावीचा प्लॅन त्या रस्त्यालाच आडवा येतो.

आणि "एनबीएत गेला" हे अर्धंच खरं आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलस मॅव्हरिक्स टीमने त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं, भारतातून ड्राफ्ट झालेला तो पहिलाच, त्याचं कौतुक आहेच. पण ड्राफ्ट म्हणजे नोकरीची ऑर्डर नव्हे. ६० नावं निघतात, पहिल्या फेरीतल्या ३० जणांना पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत टीमकडे फक्त हक्क राहतो, पटलं तर कॉन्ट्रॅक्ट करतील नाहीतर नाही. सतनाम दोन सीझन खालच्या डी-लीगमध्ये टेक्सास लेजंड्सकडे होता, तिथेही कोर्टवर मिनिटं थोडीच मिळाली, एनबीएची एकही मॅच तो खेळला नाही. मग भारतातली लीग, मग कॅनडा, २०२१ पासून अमेरिकेत प्रो रेसलिंग. ७ फूट २ इंच उंचीचं हे झालं, आणि तुम्ही ६ फूट ५ वर घर पणाला लावायला निघालात! त्या उंचीची माणसं तिकडे गार्डच्या जागेवर खेळतात, म्हणजे ड्रिबल, पास, शूटिंग सगळं हवं, नुसतं उंच असून भागत नाही.

पावडर आजच्या आज बंद करा. सतनामवर २०२० मध्ये नाडाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेने, दोन वर्षांची बंदी घातली ती हिजेनामाइन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे, आणि हे काही सप्लिमेंट्समध्येही सापडतं. "मला माहीत नव्हतं" म्हटल्याने सुटका होत नाही. तुमच्या डब्यात काय आहे हे तुम्हाला सोडा, जिमवाल्यालाही माहीत नसेल.

रेल्वे, पोलीस, सर्व्हिसेसच्या (सैन्यदलांच्या) टीम आहेत, राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचे नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पण तिथेही शिक्षणाची अट असते.

अकरावीचा फॉर्म त्यालाच भरू दे, सायन्स तर सायन्स. संध्याकाळी खेळायचं असेल तर खेळेल, जिल्ह्याच्या, राज्याच्या निवड चाचण्या देईल, त्यात कळेल कुठे आहे ते. आणि नसेलच खेळायचं तर उंच मुलगा इंजिनिअर झाला म्हणून काही बिघडत नाही हो. यापुढे काही विचारायचं असेल तर त्याला लिहायला सांगा, तुम्ही शेजारी बसू नका.