एका वर्षात देशभर ट्रेक कसे बसवायचे?

प्रश्न : सिंहगड, राजगड, कळसूबाई झालंय, आता वर्षभरात हिमालय, लडाख, मेघालय सगळं करायचंय, सुट्ट्या मोजक्याच आहेत, क्रम कसा लावू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी सीझन बघा, सुट्टी नंतर टाका. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स जून ते ऑक्टोबर उघडी असते पण फुलं खरी जुलै-ऑगस्टमध्येच, आणि तेव्हाच उत्तराखंडात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच. लडाख पर्जन्यछायेत येतं, त्यामुळे आपल्याकडे धो धो पाऊस असताना तिकडचे ट्रेक मस्त होतात. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि लेह शहरच ३५०० च्या आसपास, पुण्याहून विमानाने थेट उतरलात की विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस नुसता आराम, फिटनेस कितीही असू दे, डोकं दुखत असेल तर वर चढायचंच नाही. मेघालय नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नोंग्रियाट गावातल्या, झाडांच्या जिवंत मुळांपासून बनलेल्या पुलापर्यंत हजारो पायऱ्या उतरायच्या आहेत आणि गुडघे बोलतात ते परत चढताना. तयारीला दर रविवारी पाठीवर सॅक घेऊन सिंहगड, आणि उतरताना पळायचं नाही प्लीज.