खड्डा कुणाच्या फोनला कळतो?

प्रश्न : शहरभर संवेदक आणि कॅमेरे बसवले, तक्रारींसाठी ॲप दिले आणि सारी माहिती एका नियंत्रण कक्षात आणली, तर शहराचा कारभार आपोआप अधिक अचूक आणि न्याय्य होतो का?

उत्तर : अचूकता वाढू शकते, न्याय मात्र आपोआप येत नाही. बोस्टन शहराने २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे ॲप आणले. धावत्या मोटारीतला फोन बसलेला धक्का टिपत असे, जीपीएस त्याची जागा नोंदवत असे आणि एकाच ठिकाणी अनेक धक्के नोंदले गेले की तिथे खड्डा असावा, असे धरले जाई. गतिरोधक आणि मॅनहोलची झाकणे यांचे धक्के वेगळे काढावे लागत, पण ती तांत्रिक अडचण झाली. खरी मेख अशी की, धक्का नोंदवायला जवळ मोटार आणि स्मार्टफोन दोन्ही लागत. त्यामुळे ज्या वस्त्यांत ही साधने कमी, तिथले रस्ते नकाशावर गुळगुळीत दिसण्याचा धोका होता. तो ओळखून प्रशासनाने सर्व भागांत फिरणाऱ्या आपल्या रस्तेनिरीक्षकांच्या हाती आधी ते ॲप दिले, आणि मला हा निर्णय त्या ॲपपेक्षाही मोलाचा वाटतो.

तक्रारींच्या ॲपलाही हेच लागू आहे. एखाद्या भागातून तक्रारी कमी येतात म्हणून तिथे अडचणीही कमी आहेत, असे मानून निधी वाटला, तर ज्यांचा आवाज पोहोचत नाही तेच मागे राहतात. शिवाय बंद दिव्याची तक्रार पडद्यावर ‘निकाली’ दिसते आणि खांबाखाली अंधार तसाच असतो. कामाचे मोजमाप तक्रार किती लवकर बंद झाली यावर होत असेल, तर दुसरे काय घडणार? तक्रारदाराच्या होकाराशिवाय तक्रार बंद करता येऊ नये, एवढी एक अट महागड्या पडद्यांहून अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : गोळा झालेल्या माहितीवर हक्क कुणाचा?

उत्तर : हे करारावर सही होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. कॅनडातील टोरांटोच्या किनारी भागात संवेदकांनी सज्ज अशी ‘स्मार्ट’ वस्ती आखण्यासाठी २०१७ मध्ये अल्फाबेट या गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘सायडवॉक लॅब्ज’ची निवड झाली, पण माहिती कुणाच्या ताब्यात राहणार यावरचा वाद शमला नाही आणि मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन प्रकल्प सोडला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी यांनी अल्गोरिदमच्या, म्हणजे माहितीवरून आपोआप निष्कर्ष काढणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या, नोंदवह्या लोकांसाठी खुल्या केल्या. कोणती प्रणाली कशासाठी वापरली जाते आणि तिला जबाबदार कोण, हे त्यांत कुणालाही वाचता येते. आपल्या शहराच्या निविदेत तीन गोष्टी शोधा: माहिती किती दिवस ठेवणार, ती कुणाला देणार आणि करार संपल्यावर ती वापरण्याजोग्या स्वरूपात शहराकडे परत येणार का. त्या नसतील, तर सही होण्याआधीच लेखी हरकत नोंदवा.