विकृती, व्यंग, दोष की वेगळी घडण?

गोव्यात फोंड्याजवळच्या एका अंगणवाडीत काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांच्या आया यांच्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. हाती आलेला मथळा आहे 'पुनरुत्पादन व मूत्रमार्गातील जन्मजात विकृती'. त्यातला 'विकृती' त्यांना खटकतो. त्याजागी 'व्यंग' घालावं की 'दोष'?

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. पण मुळात 'विकृती' हा शब्द वाईट नाही. प्रकृती म्हणजे मूळ रूप, विकृती म्हणजे त्यात झालेला बदल, एवढाच त्याचा अर्थ. वेदपठणात जटा, माला, शिखा, घन अशा आठ विकृती, म्हणजे शब्दांचा क्रम बदलून म्हणण्याच्या पद्धती, आहेत, आणि घनपाठी माणसाला आपण मान देतो. साठ संवत्सरांतल्या एकाचं नावही 'विकृती' आहे. वैद्यकाच्या पुस्तकात हा शब्द आला तो याच निर्मळ अर्थाने. पण आजचा वाचक तो शब्द वर्तमानपत्रात कुठे वाचतो? 'विकृत मनोवृत्तीचा तरुण' अशा बातमीत. त्यात इथे विषय जननेंद्रियांचा. 'जननेंद्रियाची विकृती' हे शब्द एकत्र आले की वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतं.

हे मी पाहिलं आहे. शेजारच्या मुलीबरोबर एका रुग्णालयात गेलो होतो. तिचा मुलगा आठ महिन्यांचा. शूची धार पुढे न जाता खाली, पायावर पडायची, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. हातात दिलेल्या छापील कागदावर तिने तो शब्द वाचला, कागदाची घडी केली, पुन्हा उघडला आणि मला कोकणीत विचारलं, "म्हजें कितें चुकलें?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे साधारण दोन-तीनशे मुलग्यांत एकाला असतं. डॉक्टरांनी ते तिला नीट सांगितलंही. पण घरी गेली ती तो शब्द घेऊन.

म्हणून 'दोष' तर मुळीच नको. आयुर्वेदात वात-पित्त-कफ हे दोषच, पण आपल्या बोलण्यात दोष कोणाचा तरी असतो, कोणाला तरी दिला जातो. आणि मुलाच्या बाबतीत तो नेहमी आईच्याच पदरात पडतो. हे आजचं नाही. 'डोहाळे' हा शब्द 'दौहृद'पासून आला, म्हणजे दोन हृदयं असलेल्या बाईची इच्छा, एक हृदय पोटातल्या जिवाचं आणि एक स्वतःचं. किती सुंदर कल्पना! पण त्याच दौहृदाबद्दल सुश्रुतसंहितेत म्हटलंय की ते पुरवलं नाही तर कुबडं, लंगडं, ठेंगू मूल जन्मतं. ग्रहणात विळीला हात लावू नको म्हणणाऱ्या आजीपर्यंत तोच धागा येतो. पत्रकातल्या शब्दाने या ओझ्यात भर घालू नये.

'व्यंग' सरकारी कागदांत रुळलेला आहे, पण त्यात अंग उणं असल्याचा भाव आहे आणि ते चारचौघांना दिसतं. एकच मूत्रपिंड घेऊन जन्मलेल्या माणसाला ते पन्नाशीत सोनोग्राफीत कळतं. त्याला व्यंग कसं म्हणणार?

माझी पसंती 'घडण' या शब्दाला आहे. कारण इथे जे होतं ते घडणीतच होतं. मुलीच्या गर्भात सुरुवातीला दोन बाजूंना दोन नळ्या असतात. खांडेपार नदी जशी मांडवीला मिळते, तशा त्या खालच्या अंगाला एकमेकींना मिळतात. तिथे गर्भाशय तयार होतं, वरचे भाग वेगळेच राहून गर्भनलिका होतात. संगम थोडा खाली झाला तर गर्भाशयाला दोन शिंगं राहतात, तेच 'द्विशृंगी गर्भाशय'. संगम होऊनही मधला पडदा विरला नाही तर 'पडदायुक्त गर्भाशय'. मूत्रपिंडं याच शेजारात घडतात, म्हणून गर्भाशयाची घडण वेगळी दिसली की डॉक्टर मूत्रपिंडंही तपासून घेतात. मथळ्यात दोन संस्था एकत्र आल्या त्या याच कारणाने.

तुम्ही विचारलं नाही, पण मथळ्यात आणखी एक अडचण आहे. मराठीत 'मूत्रमार्ग' म्हणजे मूत्राशयापासून बाहेर येणारी शेवटची नळी, आणि मूत्रपिंडापासूनची सगळी यंत्रणाही. पत्रकात सगळ्या यंत्रणेबद्दल सांगायचं आहे, तर 'मूत्रसंस्था' म्हणा. 'पुनरुत्पादन'ऐवजी 'प्रजनन' पुरे.

'जन्मजात' मात्र ठेवा, आणि खाली एक ओळ जरूर घाला: जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेलं. काही वेळा ते घराण्यातून येतं, पुष्कळदा येत नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि सोयरिकीच्या वेळी मुलीच्या बहिणींनाही त्याचा त्रास होतो.

एकेका अवस्थेची नावं शक्य तिथे साधी असावीत. दोन मूत्रपिंडं खालच्या टोकांना जोडलेली असली तर 'नालाकृती मूत्रपिंड'. घोड्याचा नाल सर्वांना माहीत आहे. मुलग्याचं वृषण पोटातच राहिलं तर 'न उतरलेलं वृषण', 'अनवतीर्ण' नको. या अवस्थेच्या 'क्रिप्टॉर्किडिझम' या इंग्रजी नावातला 'ऑर्किस' हा ग्रीक शब्द वृषणाचाच, आणि ऑर्किड फुलांनाही तोच मिळाला, त्यांच्या जोडकंदांवरून. पावसाच्या तोंडाला आपल्याकडे झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी त्याच ऑर्किडांच्या कुळातली. वृषण सहा महिन्यांत आपोआप उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं, हेही तिथेच लिहा.

शेजारच्या मुलाला जे होतं, त्याला हायपोस्पेडियास म्हणतात. त्यासाठी संस्कृत शब्द जुळवू नका. 'शूचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असणं' असं लिहून पुढे डॉक्टरांचा शब्द द्या, म्हणजे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर तो दिसला की आईला ओळखता येईल.

तेव्हा मथळा असा करा: 'प्रजनन आणि मूत्रसंस्थेची जन्मजात वेगळी घडण'. आणि त्याखाली, मोठ्या अक्षरांत: 'यात आईचं काही चुकलेलं नसतं.'