गोळीची टोपी का सुटते?

प्रश्न : त्रिफळा चूर्णाची ५०० मिलिग्रॅमची गोळी करतो. यंत्रातून चांगली निघते, पण डब्यात भरेपर्यंत गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, सुटते. दाब वाढवला की जास्तच सुटते. काय करावं?

उत्तर : दाब वाढवणं आधी थांबवा. ही पूड तंतुमय आणि लवचीक असते. दाबताना तिच्यात हवा कोंडते, दाब सुटला की पूड उसळते आणि गोळी आडवी फाकते. बारीक चूर्ण थेट डायमध्ये (गोळीच्या साच्यात) टाकलं की हे हमखास होतं. त्यामुळे दाणे पाडायलाच हवेत.

८० मेशने (इंचाला ८० भोकांच्या चाळणीने) चाळलेलं चूर्ण १० किलो घ्या. अर्धा किलो बाभळीचा डिंक साधारण दीड लिटर गरम पाण्यात विरघळवून गाळा आणि थोडाथोडा घालत मळा. प्रत्येक मालाला पाणी कमीजास्त लागतं, तेव्हा मापापेक्षा हातावर विसंबा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटाने टोचल्यावर तुकडे पडावेत. भुकटी झाली तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. १२ मेशमधून दाणे पाडून ५० ते ५५ अंशांवर सुकवा आणि २० मेशमधून काढा. चाळण्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की माल निळसर काळा पडतो, तो पुन्हा सुधारत नाही.

दाण्यांत ३ ते ४ टक्के ओल राहू द्या. कडकडीत सुकवले तर टोपी पुन्हा सुटेल, ओले राहिले तर आवळा पंचला (दाब देणाऱ्या दांड्याला) चिकटेल. शेवटी वंगण म्हणून टाल्क १०० ग्रॅम आणि मॅग्नेशियम स्टिअरेट ५० ग्रॅम घालून चारपाच मिनिटंच फिरवा. स्टिअरेट जास्त वेळ फिरलं की दाण्यांवर त्याचा थर बसतो आणि गोळी ठिसूळ होते. यंत्रही सावकाश चालवा, हवेला निघायला वेळ मिळतो.

प्रश्न : शून्य नंबरच्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अश्वगंधा चूर्ण मावत नाही. आणखी बारीक दळू का?

उत्तर : नको, बारीक पूड आणखी फुगते. या कॅप्सूलमध्ये ०.६८ मिलिलिटर जागा असते. मोजपात्रात ५० ग्रॅम चूर्ण घालून ते खाली बसेपर्यंत आपटा. १०० मिलिलिटरवर थांबलं, तर कॅप्सूलमध्ये ३४० मिलिग्रॅमच बसेल. वरच्याप्रमाणे दाणे पाडून पुन्हा मोजा. तरीही मावलं नाही तर मात्रा दोन कॅप्सूलमध्ये विभागा आणि लेबलवर खरं वजन लिहा.